आणखी एक हात

रंग उडवायला भाड्याने आणलेलं मशीन चालू झालं, नळी बबड्याच्या हातात वळवळली आणि पाण्याच्या पहिल्याच फवाऱ्याने काकांच्या हातातला कप गेला. कपाचं काही नाही, त्याचा कान तसाही तुटलेला होता. पण कप कुठे पडतो ते बघण्याच्या नादात बबड्याचं नळीकडे लक्ष राहिलं नाही आणि तेवढ्यात फवाऱ्याने घरामागच्या लाकडी ओट्यावर, पायरीजवळच्या फळीत, एक लांबलचक नागमोडी चर खोदला. रंग निघाला हे खरं. पण रंगाबरोबर लाकूडही निघालं, आणि उरलेल्या लाकडाचे असे तंतू उभे राहिले की फळी आहे की भिजलेलं मांजर, कळेना.

"बंद कर!" मावशी ओरडली, आणि तिचा पाय जागच्या जागी जमिनीवर दाबला गेला.

त्या पायाचं सांगायला हवं. मावशीने उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. गाडी गेली, क्लास बंद झाला, पण तो ब्रेक मावशीच्या पायात राहिला. कुणी भाजीत जास्त मीठ टाकायला लागलं की पाय दाबला जाई. कुणाच्या मुलाने घाईघाईत लग्न ठरवलं की पाय दाबला जाई, आणि तिथे तो फारसा लागू पडत नसे. आजूबाजूची निम्मी माणसं तिच्या शिव्या खाऊन रस्त्याला लागली होती. नापास झालेला विद्यार्थी एकच, तो म्हणजे काका. त्यांना क्लच शेवटपर्यंत उमगला नाही. तेव्हा त्यांनी शिकवणारीशीच लग्न केलं आणि प्रश्न मुळापासून सोडवला.

बबड्या हा मावशीचा भाचा. डोक्यावरचे केस जाऊन जमाना झाला होता, पण 'बबड्या' काही जात नव्हतं.

"मी म्हटलं नव्हतं?" काका खुर्चीतून म्हणाले. अंगावर चहा सांडलेला, पण चेहरा लॉटरी लागल्यासारखा. "अरे, खाली लाकूड नाहीच! हा ओटा रंगाने धरून ठेवलाय. रंग काढाल तर ओटा जाईल."

ह्या वाक्यावर त्या घराचा संसार उभा होता. काका रंगाच्या दुकानात मॅनेजर होते. गिऱ्हाइकांनी परत केलेले, कुणाच्या बापाला नको असलेले रंग डबाभर घरी यायचे आणि ओट्यावर चढायचे. मावशी म्हणायची, "रंगाला पोपडे आलेत, काढून टाकू या, लाकडाला आत मुरणारं स्टेन लावू या." काका म्हणायचे, "कशाला? आणखी एक हात मारू." पोपड्यांवर हात. फटीवर हात. एकदा ओट्यावरून चालणाऱ्या गोगलगायीवरही हात बसला होता. तिचा उंचवटा कितीतरी वर्षं दिसत होता. मावशीला एकच हौस होती: संध्याकाळी अनवाणी, उघड्या लाकडावर फेऱ्या मारायच्या. आणि दरवेळी तळव्याला हिरवी नाहीतर गुलाबी सालपटं चिकटायची.

निवृत्त झाल्यापासून काका ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत असे रुजले होते की पालवी फुटायचीच बाकी होती. आणि आता त्यांनी नवीनच काढलं होतं: लाकूड तोडून फरशी घालायची. गवंडी ठरवलाही होता. शेवटी नवरा-बायकोत तह झाला. मावशीने रंग काढायचा. लाकूड धड निघालं तर स्टेन, कुजकं निघालं तर सोमवारी गवंडी.

आणि ह्या तहात बबड्याने मशीन घुसवून पहिल्याच दिवशी शत्रूच्या हाती दारूगोळा दिला होता.

"हे जिथून आणलंस तिथे देऊन ये," मावशी म्हणाली. "आणि येताना रंग काढायचं जेल आण, खरवडायच्या पट्ट्या आण आणि थोडी अक्कल मिळाली तर तीही."

"कुठली पट्टी? मोठी की लहान?"

"अक्कल मोठी आण. पट्टी लहान चालेल."

मग खरं काम सुरू झालं. हातमोजे, चष्मे, तोंडाला मास्क; दोघं बँक लुटायला निघाल्यासारखी दिसत होती. ब्रशने जेलचा जाड थर द्यायचा आणि थांबायचं. थांबणं बबड्याच्या रक्तात नव्हतं. तो दर मिनिटाला पट्टी घुसवून बघायचा आणि मावशीचा पाय फळीवर दण्णकन आपटायचा.

"अरे, गिअर पडल्याशिवाय ॲक्सिलरेटर काय देतोस! सुरकुतू दे आधी."

आणि खरंच, रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतायचा. मग पट्टी तिरकी धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने सरकवली की लांबच लांब ओली साल निघायची. वर विटकरी, खाली दवाखान्याचा हिरवा, त्याखाली तो गुलाबी, ज्याच्यावरून एका गिऱ्हाइकाने दुकानासमोर तमाशा केला होता.

"तो गुलाबी जपून काढ," काका खुर्चीतून म्हणाले. "फार चांगला माल होता."

बबड्याचा स्वभाव तसा हळवा. तो म्हणाला, "मावशी, एक कोपरा तसाच ठेवायचा का? काकांची आठवण म्हणून?"

"आठवणीला सालपटं कशाला? माणूस समोर बसलाय की. हलत नसला तरी आहे."

एकेक फळी उघडी होत गेली. खालचं लाकूड मधाच्या रंगाचं, घट्ट, ठोकलं की टणटणणारं. मावशी प्रत्येक फळीला पट्टीच्या टोकाने टोचायची आणि काकांकडे बघायची. काका आभाळाकडे बघायचे. शेवटी सगळा ओटा झाला आणि खुर्चीखालचा चौकोन तेवढा उरला.

"उठा," मावशी म्हणाली.

"इथलं राहू दे. इथे कोण बघतंय?"

"अहो, उठा."

"गुडघा दुखतोय."

"मग खुर्चीसकट उचलू? बबड्या, धर रे तिकडून!"

काका उठले. बबड्याने खुर्ची खाली हिरवळीवर नेऊन ठेवली. मावशीने जेल लावलं, थांबली, खरवडलं. आणि शेवटच्या फळीत पट्टीचं टोक लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. फळी कुजली होती, काळी, भुसभुशीत.

काका मात्र "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले नाहीत. हीच भानगड होती. मावशीने तो काळा भुगा चिमटीत घेतला, नाकाला लावला आणि सावकाश वर बघितलं.

"चहा," ती म्हणाली.

काका खाली बघायला लागले.

"रोज तळाशी राहिलेला चहा इथे फटीत ओतलात ना? इतकी वर्षं? आणि मी विचारलं की म्हणायचं, कप धुवायला टाकला!"

"गाळ असतो गं त्यात," काका पुटपुटले. "पुढे फळी मऊ लागायला लागली. म्हटलं, तुला कळायच्या आत... एक हात मारू."

मग बबड्याने हळूच विचारलं, "म्हणजे आता फरशी?"

काकांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची लांब, पार हिरवळीवर होती. त्यांनी मावशीच्या हातातली पट्टी घेतली आणि कण्हत, कुंथत, गुडघ्यांना नावं ठेवत ते चक्क खाली बसले.

"कुज हातभरच आहे," ते म्हणाले. "तेवढा तुकडा कापू. माझ्या बाजूने मी साफ करतो, तू तुझ्या. नाही, इकडून नको, रेषा तिकडे जातेय."

"क्लच सोडा हळू," मावशी म्हणाली. "एकदम जोर नको."

"हे मला तेव्हाच असं सांगितलं असतंस तर आलं असतं."

"शंभरदा सांगितलं!"

तुकड्यासाठी जादा लाकूड हवं होतं, म्हणून बबड्याने स्वतःच बिघडवलेली, नाहीतरी बदलायचीच असलेली फळी काढायला घेतली. स्क्रू गंजलेले, पण निघाले. फळी उचलून त्याने उलटी केली आणि बघतच राहिला. खालची बाजू कोरी होती. गेल्या कित्येक वर्षांत तिला रंगाचं बोट लागलं नव्हतं, मधासारखी, गुळगुळीत. त्याने वाकून शेजारच्या फळीखाली बोट फिरवलं. तीही तशीच.

काका तेवढ्यात आत निघाले होते. खुर्चीकडे न बघता, स्वतःच्या पायांनी, गवंड्याला फोन करायला. "फरशी राहू द्या हो!" आतून त्यांचा आवाज आला. "आमचं लाकूड निघालं! नाही नाही, चांगलं निघालं!"

बबड्या मावशीच्या कानाशी गेला. त्याचे खांदे भरून आले होते, कोपरांना गुलाबी रंग होता.

"मावशी, तुला माहीत होतं? पहिल्याच दिवशी सगळ्या फळ्या नुसत्या उलट्या केल्या असत्या, तर खरवडायचं कामच नव्हतं!"

मावशीने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मग हे खुर्चीतून उठले असते का?"