मी लिहून दिलेल्या सात हरकती

नर्सबाईंच्या घरचा चहा मी मोरीत ओतला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पन्नाशी उलटली तरी रस्त्यात कुणी पांढऱ्या पातळातली म्हातारी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथला जातो. आता लिहून टाकतो.

तेव्हा मी कोल्हापुरात एका कचेरीत कारकून होतो. कुठल्या जागेत घर, कुठं दुकान, कुठं गोदाम, याची परवानगी आमच्याकडून मिळे आणि ते अर्ज माझ्या टेबलावरून जात. एका पावसाळ्यात काळी छत्री मिटत एक पाळक आले. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. पण हे आधी शाळामास्तर होते आणि दिसतही मास्तरच. त्यांची तीसेक घरांची मंडळी एका जुन्या पागेत रविवारची उपासना करी. पागेच्या मालकाला तिथं गूळ भरायचा होता. दिवाळीपर्यंत जागा सोडा, असं त्यानं बजावलं होतं. मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी राजारामपुरीतली आपली जागा द्यायचं कबूल केलं होतं. मागं दोन खोल्या, पुढं रिकामं दुकान. पण ती ओळ व्यापारासाठी राखलेली. तिथं प्रार्थना करायची तर परवानगी हवी.

अर्ज मोडक्यातोडक्या सरकारी मराठीत होता. मी तो सुधारून दिला. "शेजाऱ्यांच्या सोयीस कोणतीही बाधा येणार नाही, अशी हमी देतो" हे वाक्य मी सांगितलं आणि त्यांनी विद्यार्थ्यासारखं मान खाली घालून लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "साहेब, तुमची भाषा फार स्वच्छ आहे." मला बरं वाटलं. मला नेहमीच बरं वाटे.

नियम साधा होता. दारावर नोटीस डकवायची, महिनाभर थांबायचं, कुणाची हरकत आली नाही तर परवानगी द्यायची. नोटीस मीच डकवली. तीन आठवडे कुणी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

मग एका दुपारी त्या ओळीतले कापडवाले शेट कचेरीत आले. मागून धान्यवाला आणि औषधवाला.

"काय पावणं, आमच्या दारात देऊळ बांधाय लागलाय म्हनं तुमी?"

"देऊळ नाही शेट. प्रार्थनेची जागा."

"आमचं काय म्हननं न्हाय की त्यांनी देवाचं नाव घेऊ न्हाई. घ्या की! पर रविवारी आमचं गिऱ्हाईक यायची येळ, आन् ह्यांची डोळं मिटून बसायची येळ. डोळं मिटलेल्या मानसाला लुगडं कसं इकायचं?"

तिघं हसले. मीही हसलो. मग शेटनी खिशातून घडी केलेला कागद काढला. स्वतःच्या हातानं लिहिलेली हरकत. हे लोक पूर्वीचे गावाबाहेरचे आहेत, धर्म बदलला म्हणून जात जात नाही, ते आमच्या ओळीच्या नळावर येतील आणि नळ बाटेल. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

तो कागद मी तसाच घ्यायला हवा होता. आवक क्रमांक टाकून फायलीत लावायचा, बस्स. अस्पृश्यता कायद्यानं गेली होती. आमच्या साहेबांनी तो कागद वाचला असता तर हरकत तिथंच संपली असती, वर शेटना खुलासा द्यावा लागला असता. मला तो कागद वाचून किळस आली, हेही खरं. पण किळस आली ती त्या मनाची नव्हे, त्या अडाणी लिखाणाची.

"शेट, असं लिहू नका. अंगाशी येईल."

"मग कसं लिवू?"

"द्या इकडं."

अर्ध्या तासात मी त्यांना सात हरकती लिहून दिल्या. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी ठेवली, म्हणजे एका डोक्यातून निघाल्यासारख्या वाटू नयेत. धान्यवाल्याला गाड्या उभ्या करायची अडचण. औषधवाल्याला गाण्याबजावण्यानं आजारी माणसांना होणारा त्रास. कापडवाल्याला रहदारी, सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठ्यावरचा ताण. नळ असा आत आणला, पण बाटण्याचा शब्द नाही. उरलेल्या चार हरकती त्याच ओळीतल्या इतर दुकानदारांसाठी. त्यांनी त्या आपापल्या अक्षरात उतरवून आणायच्या होत्या. यात मला काय मिळालं? काही नाही. पैसाही नाही, कापडाचा तुकडाही नाही. शेटनी पाठीवर थाप मारली, "ह्येला म्हनत्यात शिकल्याला मानूस!" एवढ्यावर मी विकला गेलो.

हरकती आल्या म्हणजे जागेची पाहणी आली. मीच गेलो. रविवारची सकाळ. रिकाम्या दुकानात चटया घातलेल्या, कोपऱ्यात बाजाची पेटी, बाकी काही नाही. गडमुडशिंगीहून पायी आलेली एक म्हातारी उंबऱ्यावर पाय चोळत बसली होती. तिनं विचारलं, "साहेब, दिवाळीच्या आत हुतंय न्हवं आमचं?" मी वहीत मान घातली आणि खोलीची लांबी-रुंदी लिहिली.

पांढरं पातळ नेसलेल्या नर्सबाईंनी मागच्या खोलीत बसवलं आणि चहा आणला. कपाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. त्या हळूच म्हणाल्या, "कप नवा आहे, साहेब. कालच आणलाय." आणि बिस्किटं आणायला आत वळल्या.

मी उठलो, कोपऱ्यातल्या मोरीत कप उपडा केला आणि परत खुर्चीवर बसलो. मोरीचा कठडा चुन्यानं ताजा रंगवलेला. त्यावरून चहाचा तपकिरी ओघळ खाली उतरत होता. बाई बशी घेऊन आल्या. त्यांनी ओघळ पाहिला, माझ्या हातातला रिकामा कप पाहिला.

"अजून देऊ?"

"नको. झाला माझा."

त्यांनी कप घेतला. एवढंच.

तिथून निघून मी शेटच्या दुकानात गेलो. त्यांनी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. त्या हॉटेलात दिवसभरचे कप एकाच बादलीत बुचकळत. पाण्यावर साय धरलेली असे. तो चहा मी मिटक्या मारत प्यायलो.

परवानगी नाकारली गेली. साहेबांनी माझ्या पाहणीच्या अहवालावरच शेरा मारला: "रहदारी आणि आवाज, दोन्ही मुद्दे ग्राह्य." आठ दिवसांनी त्याच ओळीचा अर्ज आला. गणपतीचा मांडव, भर रस्त्यात, दहा दिवस, कर्ण्यासह. तो मी पाच मिनिटांत पुढं सरकवला. औषधवाल्याच्या आजारी माणसांची त्या वेळी मला आठवण झाली नाही.

नकाराचं पत्र घेऊन पाळक आले. उभ्यानंच त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"'शेजाऱ्यांच्या सोयीस बाधा येत असल्याने.' माझ्या अर्जात हेच शब्द होते. तुम्ही सांगितलेले."

मी शाईच्या दौतीचं झाकण लावत राहिलो.

"हरकती पाहिल्या मी. मुलांचे निबंध तीस वर्षं तपासलेत, साहेब. मोठ्या भावानं लिहून दिलेला निबंध ओळखू येतो." आवाज चढला नव्हता. मग ते म्हणाले, "वर अपील करता येतं म्हणतात. पंधरा दिवस आहेत. ते तुम्हीच लिहून द्या. दोन्ही बाजू तुम्हाला ठाऊक आहेत."

असा माणूस माझ्याकडं पुन्हा काही मागेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मी म्हणालो, "कचेरीच्या माणसाला कुणाचं अपील लिहून देता येत नाही. नियम आहे."

"हो का," ते म्हणाले. "नियम असेल तर राहू द्या." छत्री घेऊन गेले.

अपील मी लिहिलं होतं, हे मात्र त्यांना कधी कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी, घरी, दार लावून. शेटची मूळ हरकत काय होती, ती कुणी बदलली, सगळं त्यात होतं. मुदत संपेपर्यंत तो कागद सदऱ्याच्या खिशात घेऊन कचेरीत जात होतो. घामानं त्याची घडी काळी पडली. मग एके दिवशी बंबात घातला.

पुढच्या चैत्रात मुलीला पैंजण करायला हुपरीला चाललो होतो. रविवार होता. गडमुडशिंगीच्या अलीकडं मोटार थांबली तेव्हा खिडकीतून दिसलं, एका शेताच्या बांधाला चटया टाकून पंचवीस-तीस माणसं उन्हात छत्र्या धरून बसली होती. पेटी वाजत होती. पांढरं पातळ नेसलेल्या बाई मला पाठमोऱ्या दिसल्या.

शेजारचा उतारू म्हणाला, "किरिस्तांव हाईत ती. शहरात जागा घावंना म्हनं त्यास्नी."

मी विचारलं, "का?"

"कचेरीनं न्हाय म्हटलं की."

"असं होय," मी म्हणालो, आणि खिडकीची काच वर केली.