टाकीवरची केबल

“आधी दोन्ही टोकं सोड, मग तोंड उघड!”

चारकोपच्या आमच्या सोसायटीत हे ओरडणं ऐकलं नाही असं घर नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका हौशी रेडिओवाले, घरच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारे. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर त्यांचा अँटेना, तिथून घरातल्या सेटपर्यंत काळी केबल. असा एखादा तापट माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेलच.

त्यांच्या हाताखाली शिकताना एकदा मी अँटेना न सोडताच केबलला मीटर लावला. मीटर वाजला. “शॉर्ट आहे, काका!”

“डोंबलाचं शॉर्ट! हा अँटेना मीटरला शॉर्टच दिसतो, बांधणीच तशी त्याची. केबल एकटी मोजायची. डोकं आणलंयस ना बरोबर?”

मग स्वतःच माझ्यासाठी चहा टाकला.

हार्टचं ऑपरेशन झालं तरी त्यांची शिडी सुटेना. टाकीला कठडा नाही. काकू माझ्याकडे येऊन रडल्या. “तुझं ऐकतील रे. काहीतरी कर ना.” मला संताप यायचा. हा माणूस पडला तर?

एका रविवारी सेट नुसता खरखरत होता. काका टाकीवर, मी त्यांच्या खोलीत, मोबाइल स्पीकरवर.

“वरचं टोक सुटं केलंय. खालचं?”

“सुटं.”

“मग बोल, किती?”

केबल सुटी असताना आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मीटरने काहीच दाखवायचं नसतं. तो काही हजार ओहम दाखवत होता. केबलमध्ये पाणी शिरलं होतं. म्हणजे नवी ओढायची, आणि काका दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाहीत.

“काही नाही, काका. केबल चांगली आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग सेटच गेला. येतो खाली.”

ते पुन्हा वर चढले नाहीत. मला तेच हवं होतं. पण ते तो चांगला सेट उघडून बसले. रोज सोडवायचे, जोडायचे, दोष सापडायचा नाही. ओरडणं बंद झालं. एकदा म्हणाले, “माझंच चुकतंय रे काहीतरी. हात गेले माझे.” तेव्हा सांगता आलं असतं. काकू दारात उभ्या होत्या. मी खाली पडलेला स्क्रू उचलून त्यांच्या हातात दिला.

माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्यावर, साधी शिडी सोडवेना म्हणून. काकूंवर, मलाच गाठलं म्हणून. आणि माझ्यावर, कारण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा खोटंच बोलेन.

काका गेल्या वर्षी गेले, झोपेत, स्वतःच्या पलंगावर. त्याच्या थोडं आधी त्यांच्या बाथरूममधला बल्ब उडाला होता. त्यांनी वायरमनला बोलावलं. तो वर बल्ब फिरवत होता आणि काका खाली त्याचं स्टूल धरून उभे होते. त्याने दिव्याचं बटण चालूच ठेवलं होतं, तरी काका काही बोलले नाहीत.