फोटोत न आलेले दात

माझ्या सासूचे दात काळेभोर होते. किडके नव्हते, मुद्दाम काळे केलेले होते. तिच्या वेळी लग्न झालेली बाई दातवण लावायची. हिरडा आणि लोखंडाचा कीस घालून केलेली काळी पूड असायची ती. रोज बोटानं घासायची, की काही वर्षांत दात पिकल्या जांभळासारखे चमकायला लागत. सासूला त्या दातांचा फार तोरा. पांढरे दात तर कुत्र्यालाही असतात, असं ती मला ऐकवायची, कारण माझे पांढरे होते. मी चौथीपर्यंत शिकले होते आणि राखुंडीनंच दात घासायचे. दातवण लाव म्हणून ती मागं लागली होती आणि मी आज लावते, उद्या लावते करत होते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. हिवरखेडला आमचा मळा होता. वांगी, मेथी, थोडी संत्री, बांधाकडेला ऊस. नणंदेला अंजनगाव सुर्जीचं स्थळ आलं. मुलगा अमरावतीला शाळेत मास्तर. त्यानं मुलीचा फोटो मागवला. सासूला ते पटलं नाही, पण स्थळ सोडण्यासारखं नव्हतं.

अकोटच्या जत्रेत एक फोटोवाला पडदा लावून बसायचा. आम्ही गाडी जुंपून तिथं गेलो. पोरगी परक्या माणसासमोर एकटी उभी राहणार नाही, म्हणून सासू शेजारच्या खुर्चीवर बसली. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं ते बाहेर काढेचना. शेवटी सासूनं त्याला झापायला तोंड उघडलं आणि त्यानं नेमका तेव्हाच चाप दाबला.

फोटोत नणंद छान आली होती. सासूच्या तोंडाच्या जागी मात्र नुसतं काळं भोक होतं. सासऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि ही बोळकी म्हातारी कोणाची बसवली, म्हणून विचारलं. मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. पुन्हा कोण अकोटला जाणार, म्हणून तोच फोटो पाठवून दिला.

स्थळ सासूच्या भावानं आणलं होतं. तोच उत्तर घेऊन आला. मुलगी मुलाला पसंत होती, पण मुलाची आई अडून बसली होती. मुलीच्या आईचं तोंड या वयात रिकामं, म्हणजे घराण्याच्याच हिरड्या कच्च्या, उद्या पोरीचेही दात पडतील, असं तिचं म्हणणं. दात शाबूत आहेत, दातवणानं काळे दिसतात, असं भावानं समजावलं. तिनं विश्वास ठेवला नाही. पुढच्या बाजारानंतर ती स्वतः येऊन पाहणार होती.

नणंद गोठ्यात जाऊन रडली. मास्तर एकदा तिच्या मामाकडे आला होता तेव्हा तिनं त्याला दाराआडून पाहिलं होतं, आणि आता तिला दुसरा कोणी नको होता. सासूनं दातवणाची डबी फडताळात आत सारली. मग माझ्याकडे वळली.

"तू दात कायनं घासतं वं? तेच मले लाव."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला अंगणात पाटावर बसवायचे आणि राखुंडीनं तिचे दात घासायचे. लग्न झाल्यापासून मला एवढं सुख मिळालं नव्हतं. माझं बोट तिच्या तोंडात असेपर्यंत ती मला एक शब्द बोलू शकत नव्हती. मी सावकाश घासायचे. राखुंडीनं काही झालं नाही, मग कोळशाची पूड आणि मीठ घेतलं. मग कडुलिंबाची काडी. शेजारणीनं लिंबू सांगितलं, तेही चोळलं. दात तसेच काळे राहिले आणि आंबले मात्र असे, की भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली. दात असून ती आता खरंच बोळक्या म्हातारीसारखी जेवत होती.

मग ती अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाली. मला सोबत घेतलं. अकोटहून मोटारीनं गेलो. डॉक्टरला तिनं आधी दोनदा हात धुवायला लावले आणि खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसली. लिंबू लावलं म्हटल्यावर तो रागावला. लिंबानं दात झिजतो, पुन्हा लावायचं नाही, म्हणाला. बारीक आकडीनं त्यानं वरचे पुढचे दात खरवडायला घेतले. काळा थर खपल्यांसारखा निघाला आणि खालून दात दिसला, अगदी पांढरा नाही, ताकाच्या रंगाचा. बाकीच्यांसाठी पुन्हा यावं लागेल, आणि काही दिवस कडक काही चावू नका, असं तो म्हणाला. सासूनं आरशात पाहिलं. पुढं चार ताकाचे, आजूबाजूला सगळे जांभळाचे. परतीच्या वाटेवर ती पदराआडून बाहेर आली नाही.

ठरल्याप्रमाणे मुलाची आई आली. तिचे स्वतःचे दात पानानं लालभडक झालेले. अंजनगावला पानमळे, तोंड कधी रिकामं नसायचं. ती सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि सासू ओठ मिटून बसली. सासूच्या भावानं घसा खाकरला. नणंद दाराआड उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

सासू उठली. कोपऱ्यात ऊस उभे करून ठेवले होते. त्यातला जाडा तिनं उचलला, दातांत धरला आणि बुडापासून पेरापेरानं सोलायला लागली. दुखत होतं. डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. पण ती थांबली नाही. साल ओढायची, थुंकायची, पुन्हा ओढायची. सगळा ऊस सोलून तिनं पाहुणीच्या हातात दिला.

पाहुणी म्हणाली, "दात हायेत तर. पण दोन रंगाचे कावून?"

"पांढरे तुमच्यासाठी काढले. काळे माह्या मालकासाठी ठेवले."

सासरे उठून गोठ्याकडे गेले. पाहुणी इतकी हसली की पानाची पिंक लुगड्यावर सांडली. मग तिनं उसाचा मोठा तुकडा चावून तोडला आणि रस गिळत विचारलं, "इनबाई, तारीख कधीची धरता?"

इनबाई म्हटलं म्हणजे सोयरीक झाली. दाराआडून नणंदेनं माझा दंड असा दाबला की वळ उठला.

दोघी संध्याकाळपर्यंत अंगणात ऊस खात बसल्या. लग्न उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं दातवणाची डबी परत काढली. तूही लाव, असं मला म्हणाली नाही. त्या संध्याकाळी अंगणातली उसाची चिपाडं मात्र मलाच झाडावी लागली होती, टोपलंभर.