मधल्या भिंतीवरचा बोर्ड

खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातली निम्मी प्रकरणं आता नावानिशी आठवतही नाहीत. पण एका भिंतीतून काढलेल्या दोन लोखंडी नटांची घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते, आणि आठवली की दिवसभर तोंड कडू होतं.

मी तेव्हा शिरूर कासार भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. गावोगाव रंगीत टीव्ही आणि कूलर यायला लागले होते. एके सकाळी हवालदारानं एका वायरमनला आणून उभं केलं. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. गावकऱ्यांनी आधीच चोप दिला होता. त्यानं काही दिवसांपूर्वी एका घरात मीटर आणि मेन स्विचचा नवा लाकडी बोर्ड बसवला होता. घरातल्या तरुण बाईनं मेन स्विचचा दांडा ओढताच तो भिंतीवरून सुटला, मीटरची जिवंत तार निसटली आणि तिला झटका बसला. ती बीडच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. नवऱ्याची फिर्याद सरळ होती, ह्यानं कच्चं काम केलं. बाई दगावली असती तर निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा लागला असता आणि हा माणूस आयुष्यातून उठला असता. त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली होती.

मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, बोर्ड कसा बसवलास ते सांग.

"साहेब, पांढऱ्या मातीची भिंत हाय. तिच्यात लाकडी गिट्टी धरत न्हाई, खिळा हालतो. म्हणून चार लांब बोल्ट आरपार घातले, पलीकडच्या अंगाला सागाची फळी लावली अन् तिच्यावर नट आवळले. म्या सोता बोर्डाला लोंबकळून दाखवलं."

"लोंबकळलास?"

"मंग. सगळ्या गल्लीनं बघितलं."

आरोपी काहीही सांगतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. पण दुपारी ठाण्यासमोरचा चहावाला ग्लास ठेवता ठेवता बोलला. तो त्याच गावचा.

"साहेब, लोंबकळला ते खरं हाय. मी गेलतो बघायला. आमी लई हसलो, म्हणलं वानरागत काय करतो बे. पर बोर्ड तसूभर हालला न्हाई."

खबर म्हणाल तर एवढीच. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद करायला सांगितली आणि जीप काढली.

घर दोन भावांचं. वाटणी होऊन मधोमध एकच भिंत, अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला. वाटणीत वीज धाकट्याकडे गेली. तो माजलगावकडे साखर कारखान्यात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. थोरल्याचा नव्या मीटरचा अर्ज कचेरीत पडून होता, त्यामुळे त्याच्या घरात कंदील. झटका बसला होता तो धाकट्याच्या बायकोला.

वीज बंद करवली आणि पंचांसमोर पंचनामा सुरू केला. बोर्ड वरून सुटून पुढे झुकला होता. खालचे दोन बोल्ट घट्ट होते. वरचे दोन बोर्डाबरोबर बाहेर आले होते, पण त्यांचे आटे शाबूत, आणि भोकाभोवतीची माती ढासळलेली नाही. नट ताणानं निघाले असते तर आटे घासले असते. ते कुणीतरी पान्यानं, सावकाश सोडवले होते. आणि नट होते भिंतीच्या पलीकडे.

एक गोष्ट मात्र खटकली. दिव्याचं बटण दाराजवळ होतं. मग ह्या बाईनं मेन स्विचचा दांडा कशाला ओढला? त्याला माणूस कधीमधी हात लावतो. तो प्रश्न मी बाजूला ठेवला.

पलीकडे गेलो. थोरला भाऊ रानात होता, त्याची बायको एकटीच घरात. चाळिशीची, अंगानं भक्कम. भिंतीवर फळी दिसेना. फळीवरूनच ताजं सारवण लिंपलेलं, बाकी भिंत जुनी.

"बाई, एवढाच तुकडा का सारवला?"

"पोपडा निघालता."

माझा अनुभव सांगतो. चोर मुद्देमालाकडे चुकूनही बघत नाही. हेव्यानं जळणाऱ्या माणसाचं उलटं असतं, त्याला तिथून नजर काढताच येत नाही. मी प्रश्न विचारत होतो आणि ही बाई भिंतीकडे बघत होती. मुठीत पदराची गाठ आवळलेली. दमदाटी केली की माणूस 'हो' म्हणतो, खरं बोलेलच असं नाही. मी उंबऱ्यावर बसलो आणि तिच्या दिराची चौकशी केली.

"दीर कशाचा, लेकरू हाय ते माझं," ती म्हणाली. "सासू गेली तवा रांगत व्हतं. म्या न्हाऊमाखू घातलं, म्या घास भरवला. आता बायकू आली, आता तिला टीव्ही, तिला कूलर."

"त्या वायरमनची बायको सकाळपासून ठाण्यात बसलीय. त्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

तिनं पदराची गाठ सोडली. दोन नट जमिनीवर पडले.

"मारायचं न्हवतं, साहेब. बोर्ड खाली यावा, तिचा तोरा उतरावा, एवढंच. म्या कंदिलाम्होरं भाकरी थापायची, अन् तिनं दांडा ओढला की माझ्या भिंतीत आवाज. खट्. उजेड तिच्या घरात अन् आवाज माझ्या. दीर म्हणला व्हता, वहिनी, तुला वायर टाकून देतो. म्या न्हाई म्हणलं. तिच्या घरचा उजेड मला नको."

मला तिची कीव आली आणि संतापही आला. अहो, एवढ्यासाठी एकीचा जीव टांगणीला आणि एका गरिबाची हाडं मोडायची वेळ. महिला शिपाई बोलावून तिला अटक केली. वायरमनला सोडलं तेव्हा त्याची बायको माझ्याकडे न बघता त्याला धरून निघून गेली. तिचं बरोबरच होतं.

धाकटी शुद्धीवर आल्यावर दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. हात खांद्यापर्यंत बांधलेला. जाऊबाईनं नट काढले हे सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही. मग मी बाजूला ठेवलेला प्रश्न विचारला.

"मेन स्विच कशाला ओढला?"

"मुद्दाम," ती म्हणाली. "रोज वढायचे. पलीकडं आवाज जातो ते मला ठावं व्हतं."

"कशासाठी?"

"हे कारखान्यावरून आले की आधी तिकडं जायचे. वहिनीच्या हातची भाकर खाऊन मंग घरी. माझं ताट झाकलेलंच ऱ्हायचं. माझ्याकडं तिला जळवायला दुसरं काय व्हतं, साहेब?" मग माझ्या कागदाकडे बघून म्हणाली, "हे बी लिहा."

मी लिहिलं. कोर्टातही ती तेच बोलली, एक शब्द मागे घेतला नाही. थोरलीला शिक्षा झाली, पण ह्या साक्षीमुळे ती सौम्य झाली.

त्या केसनं मला शिकवलं की मत्सराला फार मोठं कारण लागत नाही, जवळ माणूस असला की पुरतं. लांबच्या श्रीमंताचा हेवा करून कुणी पाना उचलत नाही.

निवृत्तीनंतर बीडला घर बांधलं, धाकट्या भावाला लागून, मधली भिंत एकच. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, दोन्ही बोर्ड मधल्या भिंतीला पाठीला पाठ लावू, वायर वाचेल." मी म्हटलं, वायर लागू दे, माझा बोर्ड बाहेरच्या भिंतीला बसव.

बायको म्हणाली, "हा काय हट्ट? आम्हा जावाजावांचं तर किती छान जमतं."

"म्हणूनच," मी म्हटलं.