तीनाचा आठ

बाजारात तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. सराफाच्या पेढीवर, वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी तिचं टेबल होतं आणि एकोणीस वर्षं ती तिथे बसून हिऱ्यांची किंमत ठरवत आली होती. रंगीत हिरे तर हटकून तिच्याकडेच यायचे.

एका मंगळवारी दुपारी एक ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, बाहीला ऑइलचा डाग. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला आणि खिशातून एक प्लॅस्टिकची डबी अन् चार घड्या घातलेलं सर्टिफिकेट काढून त्याने टेबलावर ठेवलं. डबीत पिवळाधमक हिरा होता.

"कुणाचा?" तिने विचारलं.

"आमच्या डॉक्टरीणबाईंचा. बावीस वर्षं त्यांची गाडी चालवली. जाताना मला देऊन गेल्या."

भिंगवालीने मान डोलावली, पण मनात तिचा निकाल तेव्हाच लागला होता. एवढा हिरा ड्रायव्हरला कोण देतं? एकतर चोरीचा, नाहीतर खोटा.

खडा आधी पुसायचा, मग बघायचा, हा या कामाचा पहिला धडा. नव्या मुलींना ती हेच कानीकपाळी ओरडून सांगायची. त्या दिवशी तिने स्वतःच पुसला नाही. वजन केलं, ते कागदाशी जुळलं. खोटं करणारे वजन आधी जुळवतात, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. दिव्याखाली रंग या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा गडद, कुठेही फिका पडत नव्हता. असा रंग निसर्गात क्वचित सापडतो, म्हणूनच त्याला मोल. तिला मात्र तोच रंग संशयाचा वाटला. मग भिंग लावून तिने हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर वाचला. कागदावरचा नंबर तीनाने संपत होता. कडेवर तिला आठ दिसला.

"कागद खरा आहे, पण या हिऱ्याचा नाही," ती म्हणाली. "हा कारखान्यात केलेला असणार. किंमत फारशी नाही." खडा यंत्रावर ठेवून बघायलाही ती उठली नाही.

"म्हणजे बाईंनी मला फसवलं?"

"ते मी कसं सांगू? हा तुमच्याकडे कुठून आला, ते तुम्हालाच ठाऊक."

त्याचे कान लाल झाले. त्याने डबी उचलली, "बरं" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

अकरा दिवसांनी ती फायलींना फोटो जोडत बसली होती. तपासलेल्या प्रत्येक खड्याच्या कडेचा फोटो ती काढून ठेवायची. स्क्रीनवर तो नंबर मोठा करून बघितला तर आठाची डावी बाजू वेगळ्याच रंगाची. ती रेघ नव्हतीच, तेलकट मळाचा एक तंतू होता. त्याखाली सरळसरळ तीन.

मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "फोन कर आणि मोकळी हो." तिने दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. जेवणाचा डबा न उघडताच घरी परत गेला. रविवारी सकाळी पेढीच्या वहीतला पत्ता शोधत ती ड्रायव्हरच्या दारात उभी राहिली.

एका गॅरेजवरच्या दोन खोल्या. बायको इस्त्री करत होती. काय झालं ते भिंगवालीने उभ्याउभ्याच सांगितलं. ड्रायव्हरने कपाटावरच्या जुन्या बॅटरीमागून डबी काढून दिली. तिने खडा स्पिरिटने पुसला, चिमट्यात धरला आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा."

तो एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. शेवटी म्हणाला, "तीन." मग भिंग हातात धरून नुसताच बसला.

बायकोने इस्त्री उभी ठेवली. "इथे बाईंचा फोटो होता," भिंतीकडे बोट करत ती म्हणाली. "त्याच दिवशी यांनी उतरवला."

"वाटेल ते बोललो मी त्यांना," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला."

बायकोने थेट भिंगवालीकडे पाहिलं. "तेव्हा का नाही दिसलं तुम्हाला?"

मळ होता, कुणाचीही चूक झाली असती, हे उत्तर तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"मी खड्याकडे बघितलंच नाही," ती म्हणाली. "यांच्याकडे बघितलं. यांच्या शर्टाकडे."

बायकोने पाण्याचा पेला आणून ठेवला, तो घेताना भिंगवालीला मान वर करवेना. तिने हिऱ्याची खरी किंमत कागदावर लिहिली, खाली सही केली आणि म्हणाली, "माझ्यावर विसंबू नका. आणखी एका जाणकाराला दाखवा."

"दाखवू," तो म्हणाला. तिला पोचवायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

पुढे त्याने तो हिरा दुसऱ्या पेढीवर विकल्याचं तिला बाजारातून कळलं. भाव रास्त मिळाला होता. तिच्याकडे तो पुन्हा आला नाही, आणि यावा असं म्हणायला तिला तोंडही नव्हतं.