झेरॉक्स काढून येईपर्यंत

टोळीवाल्यांची एक जुनी, जगभर गाजलेली विलायती फिल्म आमच्या दादाला तोंडपाठ आहे. तिचं नाव मी घेत नाही, घेतलं की माझं डोकं उठतं. दादा परभणीत खोली करून शिकत होता आणि मी परीक्षेसाठी त्याच्याकडे उतरले होते, तेव्हा भाड्याच्या सीडीवर त्याने ती मला पहिल्यांदा दाखवली. हिंदीत डब केलेली. आवाज चित्राच्या मागे पडायचा. माणूस आधी मरायचा आणि गोळी नंतर वाजायची.

तिच्यात एक श्रीमंत माणूस टोळीच्या म्हाताऱ्या धन्याला नकार देतो. लगेच सकाळ होते, आणि त्या श्रीमंताच्या अंथरुणात त्याच्याच लाडक्या घोड्याचं मुंडकं सापडतं. मधलं काहीच दाखवलेलं नाही. एवढ्या मोठ्या बंगल्यात शिरलं कोण? तबेल्यातल्या माणसांना काही कळलं कसं नाही? आणि हा गडी इतका मेल्यासारखा झोपला होता, की पायाशी एवढं ओझं आणून ठेवलं तरी जाग आली नाही? मी दादाला सिनेमा थांबवायला लावला आणि हे सगळं विचारलं.

दादा हसला. "बाई, तेच तर दाखवायचं नसतंय. काम झालं का न्हाई? झालं ना? मंग कशाला पायजे तुला बाकीचं?"

मला पाहिजेच होतं. ज्या कादंबरीवरून ती फिल्म काढली तिचं मराठी भाषांतर मी वाचनालयातून आणलं आणि परीक्षा सोडून ते वाचत बसले. कादंबरीतही तेच. संध्याकाळी नकार, सकाळी मुंडकं. लेखकानेही तेवढा धंदा आडोशाला उरकून घेतला होता. एका ठिकाणी मात्र पुस्तक फिल्मपेक्षा बोलकं निघालं. फिल्ममध्ये धन्याचा धाकटा मुलगा दोन खून करून परदेशी पळतो आणि पुढे सरळ घरी येऊन राहायला लागतो. खटल्याचं काय झालं, कोणी चकार शब्द काढत नाही. पुस्तकात त्याचं उत्तर होतं. फाशीच्या वाटेवर असलेल्या दुसऱ्याच एका माणसाने तो गुन्हा आपल्या अंगावर घेतलेला असतो. आपल्यामागे आपल्या माणसांचं नीट व्हावं म्हणून.

हे मी दादाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "बघ. घरासाठी अंगावर घेतलं. ह्याला म्हनत्यात माणूस." तेव्हा मलाही ते फार थोर वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, कारण घरासाठी अंगावर घेणारं माणूस आमच्या घरात तेव्हाही होतं. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ती आमची थोरली बहीण, अक्का. सोळाव्या वर्षी तिला पालमकडच्या एका गावी दिली. तीन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली, आणि अक्का एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या गावी, झरीला परत आली, ती कायमची. आमच्या रानात विहिरीजवळ दीड एकराचा तुकडा आहे. तीस वर्षं तो अक्काच करते. तूर, भाजीपाला, दोन शेळ्या, आणि बांधाला लावलेली शेवग्याची झाडं. दादाला शिकवलं त्यातही त्या भाजीच्या पाट्या होत्या, मला शिकवलं त्यातही होत्या. मी पाथरीला शाळेत शिकवते. अक्काला सही येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या, आणि लाज मला अजून पुरेशी वाटत नाही.

आई आधीच गेली होती. गेल्या साली वडील, आमचे बापू, गेले आणि सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. मग दादाचा फोन आला, "दोघी येऊन सह्या करून टाका."

आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणींनी हक्कसोड करायची, भावाने साडीचोळी करायची, सगळ्यांनी पुरणाचं जेवायचं. जी सही करत नाही तिला कोणी काही बोलत नाही. फक्त पंचमीला तिला न्यायला कोणी येत नाही. भारी भारी शिकलेल्या बायका डोळे पुसत सही करतात आणि वर भावाचं कौतुक सांगतात. मीही त्यातलीच. माझ्या हिश्श्यावर पाणी सोडायला मी तयार होते. माझं म्हणणं एकच होतं, विहिरीजवळचा तुकडा अक्काच्या नावावर राहिला पाहिजे. उद्या दादाची मुलं मोठी होतील, सुना येतील, ह्या बाईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

"तू म्हनशील तसं," दादा फोनवर म्हणाला. अक्कालाही मी सांगून टाकलं, की तुझा तुकडा तुझाच राहणार, मी सगळं ठरवलंय. ती नुसतं "हं" म्हणाली.

ठरल्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. दोन साड्या जीपमध्ये आधीच येऊन बसल्या होत्या. कचेरीच्या व्हरांड्यातले खांब माणसाच्या उंचीपर्यंत निळे झालेले. अंगठा दिला की जो तो तिथेच शाई पुसतो. दादा आत-बाहेर करत होता. आमचा नंबर जवळ आला तसा तो म्हणाला, "बाई, तुझ्या आधारची झेरॉक्स पुसट निघलीय. दुसरी घेऊन ये बरं पटकन."

घरात कागदाचं काम निघालं की लहानपणापासून मीच उठते. शिकलेली ना! कोणी विचारायच्या आत उठते, आणि हे दादाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी पर्स घेऊन निघाले. दुकानात रांग होती, त्यात लाईट गेली. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी दुकानदाराशी विजेवरून भांडत होते.

परत आले तर अक्का बाकावर बसलेली, आणि डाव्या अंगठ्याची शाई लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसत होती. खांबाला पुसायचीही तिला चोरी वाटली असावी. दादाच्या हातात कागद होता. मी तो ओढून घेतला. वाटणीचा कागद नव्हताच, सरळ हक्कसोड. सगळा हिस्सा, विहिरीजवळच्या तुकड्यासकट. खाली लिहिलेलं, की हा लेख मी कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने, बंधुप्रेमापोटी करून देत आहे आणि तो मला वाचून दाखवला आहे. कोणी वाचून दाखवला? कधी? अक्काने "काऊन?" एवढं तरी विचारलं का? कागदात अक्षर नव्हतं त्याचं.

"हे काय केलंस?" मी ओरडले. व्हरांडाभर माणसं बघायला लागली.

"इचार तिलाच. तिच्या मनानं दिलाय अंगठा," दादा म्हणाला. आवाज इतका मऊ, की त्या मऊपणाचाच मला संताप आला. "तू काऊन चिडायलीस? झालं ना काम. चला, जेवायला उशीर व्हायलाय."

मी माझी सही केली नाही. साडी जीपच्या बोनेटवर टाकली आणि एसटीने पाथरी गाठली. पंचमीला मला न्यायला कोणी आलं नाही. न येऊ दे. खड्ड्यात गेली पंचमी.

कागदाची नक्कल काढून वकिलाकडे गेले. त्याने कागद वाचला आणि विचारलं, तुमच्या बहिणीला धमकावलं का? मारहाण केली का? त्या तसं सांगतील का? मी काय सांगणार? मी तिथे नव्हतेच. अंगठा तिचा, फोटो तिचा, साक्षीदार गावातले. मधल्या अर्ध्या तासाचा मालक दादा, आणि अक्का काही सांगायला तयार नाही. फोनवर विचारलं की शेळीचं सांगायची.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मी दादाच्या घरी न जाता सरळ रानात गेले. अक्का तुरीत खुरपत होती. अजून तिलाच करायला दिलंय, मोठे उपकार! मी बांधावर बसले आणि म्हणाले, "अक्का, माझा हिस्सा अजून माझ्या नावावर आहे. त्यातला दीड एकर तुला लिहून देते. दादाला काय करायचं ते करू दे. पण तू अंगठा का दिलास, ते आज सांगायचं."

तिने खुरपं खाली ठेवलं. "जिमिनीचं न्हवतंच गं ते."

"मग कशाचं?"

"त्यो म्हनला, अक्का, तू गेल्यावर तुजं कोन करील, तेवढं सांग. लेकरू न्हाई, नवरा न्हाई. तेवढं सांग आन् मंग खुशाल न्हाई म्हन. लय मायेनं म्हनला. हात धरला हुता माजा."

एवढंच. ना शिवी, ना हात उगारणं. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला तिचं मढं दाखवलं आणि अंगठा घेतला. मी म्हणाले, "मी करीन! अग्नी देईन, दहावं, तेरावं, सगळं मी करीन. बायका करतात आता. त्याची काय गरज आहे?"

अक्काने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

"बापूच्या येळंला तू गावच्या येशीपसून माघारी फिरलीस," ती म्हणाली. "बायानी फुडं यायचं न्हाई म्हनलं कुनीतरी, आन् तू फिरलीस. मी बी फिरले. फुडं काय करत्यात, तुला तरी ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाला अग्नी कसा दिला, हे मी आजवर कोणाला साधं विचारलंही नव्हतं.