मावशीच्या कबरीवर अडवलेली प्रार्थना

आत्ताच कब्रस्तानातून घरी आले. डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

आज मावशीला माती दिली. तिचा एकुलता एक मुलगा, बजाजनगरचा माझा सुनीलदादा, काही वर्षांपूर्वी मॉर्मन झाला, म्हणजे येशूलाच मानणाऱ्या एका अमेरिकन पंथात गेला. त्यांच्यात कबर बुजवल्यावर घरचाच माणूस प्रार्थना करून ती जागा देवाच्या हवाली करतो. दादा त्यासाठी पुढं झाला, तर आमच्या चर्चच्या एका काकांनी हात आडवा घातला.

"इथं नाही. तुम्ही लोक पिता, पुत्र, पवित्र आत्मा तीन वेगळे मानता. बायबलशेजारी दुसरा ग्रंथ ठेवता. तुम्ही ख्रिस्ती नाय."

दादा म्हणाला, "काका, येशूच्याच नावानं करतो. दोन मिनिटं."

"नाय म्हणलं ना!"

फरक आहे, मलाही मान्य आहे. मी त्रैक्यच मानते, तिघं मिळून एकच देव. आमच्या चर्चचा बाप्तिस्मा ग्राह्य न धरता त्यांनी दादाला पुन्हा पाण्यात बुडवलं, तेव्हा मीच त्याच्याशी लई भांडले होते. वाद घालायचा ना? माझ्या घरी या, चहा ठेवते. (त्यांच्यात चहा चालत नाही, दादा पीत नाही, ते सोडा.) पण आईच्या ओल्या मातीपाशी पोराची परीक्षा घ्यायची?

दादा मागं सरला.

आणि सकाळी? पेटी उचलायला एक माणूस कमी पडला, तेव्हा याच काकांनी हाक मारली होती, "सुनील, ये रे, खांदा दे."

तुम्हीच सांगा, तेव्हा का नाही विचारलं, हा खांदा ख्रिस्ती आहे का म्हणून?